दुबईचं औषध आणि माझी चड्डी

पनवेलमध्ये माझ्याइतका स्वच्छ पोहणारा माणूस दुसरा नाही! हे कोण म्हणतं? मीच म्हणतो. दुसरं कोणी म्हणेल म्हणून वाट बघत बसलो असतो तर पाण्यातच म्हातारा झालो असतो.

आमची सकाळची बॅच प्रौढांची. म्हणजे वयाने! निवृत्त बँक मॅनेजर दीनानाथकाका पाण्यात उतरले की आधी खळखळून गुळणी करणार आणि ती तिथेच सोडणार. मिताली डोक्यावर खोबरेल थापून यायची. तिच्या मागून पोहताना आपण कढईत सोडलेली भजी आहोत असं वाटायचं. परेशचं नाक शिंकरणं तर पलीकडच्या सोसायटीत ऐकू जायचं. आणि एक सवय सगळ्यांची सामाईक. पोहता पोहता मध्येच भिंतीला टेकायचं, नजर लांब कुठेतरी लावायची, चेहऱ्यावर साधूसंतांची शांतता आणायची आणि मग हळूच हुश्श करायचं. टॉयलेट समोर दिसत असताना!

मला किळस यायची हो. त्याच पाण्यात तोंड घालायचं म्हणजे! शिवाय मी आमच्या रिले टीमचा कॅप्टन, स्पर्धा जवळ आलेली, आणि माझं अर्धं लक्ष तोंड मिटून ठेवण्यात. समजावून पाहिलं. दीनानाथकाका म्हणाले, "अरे सत्यजीत, एवढ्या पाण्यात एवढंसं काय कळतंय?"

मग मी डोकं चालवलं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली, तिच्यात नळाचं पाणी भरलं आणि सगळ्यांच्या देखत पूलमध्ये ओतलं.

"मेव्हण्याने दुबईहून पाठवलंय," मी जाहीर केलं. "कोणी पाण्यात लघवी केली की त्याच्याभोवती पाणी पिवळंधमक! माणूस खोटं बोलेल, औषध बोलणार नाही!"

दुबईचं म्हटल्यावर आमचे कोच खलील सरसुद्धा चमकले. "माशाल्ला! काय काय निघतंय हल्ली! मग ठरलं. ज्याचं पाणी पिवळं, तो बॅचमधून बाहेर!"

काय सांगू! दुसऱ्या दिवशी टॉयलेटसमोर रांग! दीनानाथकाका तर पोहायला कमी आणि तिकडेच जास्त. मीही संधी साधली. रोज शॉवरपाशी उभा राहून एकेकाला अंघोळ घालूनच आत सोडू लागलो. पाणी असं नितळ झालं की पोहताना मला भरून यायचं.

तेवढ्यात गव्हाण गावातल्या हळदीचं आमंत्रण आलं. ऑफिसातल्या मोनालीच्या भावाचं लग्न. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, उजाडेपर्यंत नाच! आणि सकाळी आमची रिलेची निवड. तिथूनच परस्पर पूल गाठायचा म्हणून मी पॅन्टच्या आत पोहायची चड्डी घालूनच गेलो. नियोजनात आपण पक्के!

निघताना मोनालीच्या रंभाकाकूने वाट अडवली. "आमचे हलदीला आला न कोराच चालला? तसा नाय जावाचा!" असं म्हणून तिने ओंजळभर हळद माझ्या कॉलरमधून आत सोडली. तो गारेगार गोळा पाठीवरून घसरत घसरत थेट चड्डीत जाऊन बसला. मी तोंड धुतलं, पाठ पुसून घेतली, शर्ट बदलला. राहिलेलं शॉवरखाली निघेल म्हटलं.

पण वाटेत फाट्यावर कंटेनर आडवे, उशीर झाला! पूलवर पोचलो तर खलील सर शिट्टी तोंडात धरून उभे. "सत्यजीतभाई, जल्दी! सगळे खोळंबलेत!"

शॉवरपाशी मला अडवणार कोण? अडवणारा तर मीच! चड्डी काळी, वरून काही दिसत नव्हतं. मारली उडी.

काय पोहलो महाराजा! काठावर आरडाओरडा सुरू झाला. मला वाटलं, प्रोत्साहन! मी आणखी जोर लावला. भिंतीला हात लावून मागे वळून पाहिलं, तर अख्ख्या लेनभर पिवळा पट्टा. आणि त्याचा उगम माझ्यापाशी!

"पिवळं! पिवळं!" मिताली शिडीवर चढून किंचाळत होती.

"अबब! केवढी ती!" दीनानाथकाका थक्क झाले होते. "कधीपासून धरून ठेवली होतीस रे?"

"हळद आहे ती!" मी ओरडलो.

"हळद?" परेश म्हणाला. "चड्डीतून?"

"हो! काकूने घातली!"

हे बोललो नसतो तर बरं झालं असतं. मितालीने तोंडावर हात ठेवला.

"विश्वास नाही ना? मग चड्डी तपासून बघा!"

एकही जण पुढे आला नाही.

"भाई," खलील सर दुःखी आवाजात म्हणाले, "तुम्हीच बोलला होता ना, माणूस खोटं बोलेल, औषध बोलणार नाही?"

आता सुटायचा एकच मार्ग होता. बाटलीत नळाचं पाणी होतं हे सांगून टाकायचं. अब्रू वाचेल, कॅप्टनकी वाचेल! मी छाती भरून श्वास घेतला. "सर, खरं सांगू का? ते औषध..."

"खोटं आहे?" दीनानाथकाकांनी विचारलं. इतक्या आशेने विचारलं की मी सगळ्यांकडे बघितलं. मिताली शिडीची एक पायरी खाली उतरली. परेश तर भिंतीकडे सरकलासुद्धा! सगळ्यांच्या चेहऱ्यांवर, देवाशपथ, दिवाळी!

मी पाण्याकडे पाहिलं. तो पिवळा पट्टा सोडला तर किती सुंदर दिसत होतं!

"औषध खरं आहे," मी म्हणालो. "मीच केली."

आता परेश कॅप्टन आहे. पाणी अजूनही काचेसारखं स्वच्छ आहे, तळाच्या फरशा मोजून घ्याव्यात इतकं! मी रोज सकाळी जाऊन बघतो ना. जाळीच्या बाहेरून.