अज्जुराचं वकीलपत्र

तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव काय? आठवत नाही ना? मग साळवेकाकांबरोबर लिफ्टमध्ये शिरू नका. ओमानमधल्या अल घुब्रातल्या आमच्या इमारतीत चौथा मजला येईपर्यंत ते प्रत्येकाला हेच विचारायचे. उत्तर आलं नाही की म्हणायचे, "बरं, निदान अज्जुर तरी लक्षात ठेवा."

अज्जुर म्हणजे दावीद राजाच्या वंशातला, येशूच्या वंशावळीत मध्येच येणारा एक माणूस. एल्याकीमाला अज्जुर झाला, अज्जुराला सादोक झाला. संपलं. त्याच्याबद्दल बायबलमध्ये आणखी अक्षर नाही. नगरच्या साळवेकाकांनी मात्र त्याचं वकीलपत्र घेतलं होतं.

मी बौद्ध घरातली. वंशावळ म्हटलं की माझं डोकं फिरतं. "काका, राजाच्या कुळाची टिमकी कशाला वाजवता?"

"अगं, राज्य कुठं राहिलं होतं? बाबिलोनला धरून नेलेल्यांची ही लेकरं. खालच्या टोकाला येशूचा बाप, तो सुतार आहे, सुतार. मधल्यांनी फक्त बाप व्हायचं काम केलं. तेवढी तरी दखल घे."

आमच्या कंपनीत काका टाइमकीपर होते. साइटवर कामगारांची हजेरी नंबरानं व्हायची. काका मात्र बापाच्या नावासकट पुकारायचे. ओमानी ड्रायव्हर खूश असायचा, कारण तो स्वतःची ओळखच चार पिढ्यांची नावं सांगून द्यायचा. फोरमन वैतागायचा, "यल्ला साळवे, जल्दी खलास करो." काका म्हणायचे, "ज्याला बाप आहे, त्याला नंबर कशाला?"

शेवटी मॅनेजरनं बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसवलं आणि काकांना घरी जायची चिठ्ठी दिली. एकतीस वर्षांनी. का, म्हणून मी लेखी विचारलं. अजून उत्तर नाही.

जाण्याआधी काकांना एकच हवं होतं. नाताळच्या उपासनेत बायबलमधला मत्तयाचा पहिला अध्याय, त्या वंशावळीसकट, एकदा तरी पूर्ण वाचला जावा. दरवर्षी सगळी नावं गाळून थेट अठराव्या वचनापासून सुरुवात व्हायची. कारण काय, तर मुलं कंटाळतात आणि बिर्याणी निवते.

नाताळला मी त्यांना गाडीतून चर्चला घेऊन गेले. त्याही दिवशी वाचणाऱ्यानं नावांवरून उडी मारली. दोन मिनिटांचा मजकूर. काका मागच्या बाकावरून उठले आणि तोंडपाठ म्हणू लागले.

"साळवे, बसा हो, लोक उपाशी आहेत," चर्चचे सेक्रेटरी म्हणाले.

"उपाशी नाहीत, उतावळे आहेत," मी म्हणाले. चर्चची ती मंडळी माझी नव्हती, पण राग माझा होता.

काका "अज्जुराला सादोक झाला" इथपर्यंत आले आणि थांबले. पुढची नावं त्यांना येत होती. तरी ते बसले.

परतताना गाडीत त्यांनी खिशातून लग्नपत्रिका काढली. मुलाची. मुलाचं नाव सादोक. पत्रिकेत बापाच्या जागी मामाचं नाव छापलं होतं.

"तो तरी काय करील?" काका म्हणाले. "शाळेत, दवाखान्यात मामाच उभा होता. मी इथं दुसऱ्यांच्या बापांची नावं पुकारत होतो."

सादोकवर ते रागावले नाहीत. म्हणून ते काम मी करते आहे.

या नाताळात ते पान तुमच्यासमोर आलं, तर एकही नाव गाळू नका. बिर्याणी निवू द्या. आणि नगरकडच्या कुणा सादोकच्या लग्नाचं आमंत्रण तुम्हाला असेल, तर जरूर जा. आहेर देण्याआधी त्याला एवढंच विचारा, चारचौघांत आणि मोठ्यानं: वडिलांचं नाव काय?