तिसऱ्या अनुसूचीतल्या बाई

बाई परदेशातल्या लेकीकडे बाळंतपणासाठी आल्या, त्या तीन महिन्यांच्या बोलीवर. बत्तीस वर्षं शाळेत काढून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि लेक सोडली तर सगळे, अगदी जावईसुद्धा, त्यांना बाईच म्हणत. तीन महिने संपले तेव्हा बाळाला पाळणाघरात जागा मिळाली नव्हती, म्हणून मुक्काम वाढला. जागा मिळाली तर बाळाला सर्दी झाली. असं करता करता एकशे त्र्याऐंशीवा दिवस उजाडला आणि आयकर कार्यालयाचं पत्र आलं.

सदर व्यक्ती एकशे ब्याऐंशी दिवसांहून अधिक काळ देशात राहिल्याने तिचा 'पाहुणा' हा दर्जा संपुष्टात आला असून ती आता 'रहिवासी' आहे. सबब तिने मायदेशातल्या पेन्शनसह सर्व उत्पन्नाचं विवरणपत्र तीस दिवसांत भरावं, असं त्यात होतं.

पेन्शनचं नाव आलं ती ओळ बाईंनी पुन्हा वाचली. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा बाणा त्या पेन्शनवरच उभा होता.

जावयाने करसल्लागार गाठला. त्याच्या मते प्रकरण सोपं होतं. बाई अजून पाहुण्याच आहेत, असं घरमालकाने लिहून दिलं की काम झालं. घर जावयाच्याच नावावर होतं, त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं. कार्यालयाने त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला आणि रीतीप्रमाणे खात्री करायला निरीक्षक पाठवला.

निरीक्षक सकाळी दहाला आला. दार बाईंनीच उघडलं. कडेवर बाळ, हातात ओलं फडकं. निरीक्षकाने ते टिपून घेतलं. मग त्याने स्वयंपाकघरात जाऊन मीठ कुठे असतं ते विचारलं. बाईंनी न वळता हात मागे नेला आणि बरणी पुढे केली. जावयाच्या मोज्यांचा दुसरा जोड, वीजबिलाची पावती, बाळाचं थर्मामीटर, सगळं त्यांना ठाऊक होतं. जावयाला यातलं काहीच सापडलं नाही.

"पाहुण्याला मीठ कुठे आहे ते माहीत नसतं," निरीक्षक खिन्नपणे म्हणाला.

बाई रहिवासी ठरल्या म्हणून लेकीने कपाळाला हात लावला. पण निरीक्षक न्यायी होता, एकाच बाजूची तपासणी करून जाणाऱ्यातला नव्हता. बाईंकडे घराची किल्ली आहे का, हे त्याने विचारलं. नव्हती. कपाटात खण? तोही नव्हता, सहा महिने त्यांचे कपडे सूटकेसमध्ये आणि सूटकेस पाळण्याखाली होती. झोपायला हॉलमधला सोफा होता, पण मंडळी टीव्ही बघून उठल्यावर. खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे कोण ठरवतं, असं विचारल्यावर बाईंनी जावयाकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं, हेही निरीक्षकाने टिपलं.

"रहिवासीही नाहीत," तो म्हणाला. बत्तीस वर्षं मुलांना वर्गात बसवणाऱ्या बाई कुठल्याच रकान्यात बसेनात.

शेवटी त्याने बोट ओलं करून नियमावलीची पानं उलटली. तिसऱ्या अनुसूचीत बाई सापडल्या. परदेशातून आणलेली, रोजच्या वापरातली, स्वतंत्र खोली नसलेली आणि जिच्याविषयी मालक 'फार उपयोग होतो' असं सांगतो अशी बाब, म्हणजे आयात केलेलं गृहोपयोगी उपकरण. बाईंविषयी आपण लोकांना काय सांगता, असं त्याने विचारलं. जावयाने मनापासून सांगितलं, की बाई आल्यापासून फार उपयोग होतो.

निरीक्षकाने शिक्का मारला.

करसल्लागार खूश झाला. उपकरणाला पेन्शन असली तरी तिच्यावर कर नाही. उलट वस्तू दर वर्षी जुनी होते, म्हणून मालकाला करात सूट मिळते. तिला घसारा म्हणतात. बाईंचं वय पाहता घसारा भरघोस होता. लेक चिडून उठली, आईला असलं काही म्हणवून घेणार नाही म्हणाली. मग सल्लागाराने सूट किती मिळेल तो आकडा सांगितला. ती परत बसली.

"नुसतं कागदावरच आहे ना?" तिने विचारलं.

उपकरणाच्या सवलतीसाठीच्या अर्जावर 'आवाज' या रकान्यात जावयाने 'कमी' लिहिलं. बाईंनी अर्ज मागून घेतला, 'गृहोपयोगी'तला चुकलेला 'गृ' लाल पेनने दुरुस्त केला आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी त्या बस पकडून एकट्याच कार्यालयात गेल्या. आपल्याला व्यक्ती व्हायचं आहे, असं त्यांनी खिडकीवरच्या कारकुनाला सांगितलं. कारकुनाने संगणकात पाहिलं आणि अतिशय आदराने उत्तर दिलं.

"उपकरणाचा अर्ज घेता येत नाही हो, बाई. मालकाला पाठवा."

बाईंनी घरी येऊन लेकीला हे सांगितलं. मालकाची एक सही लागणार होती, लेकीचीही चालली असती. लेक बराच वेळ बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली.

"आई, एवढं आर्थिक वर्ष संपू देतेस का?" ती म्हणाली. "आत्ता बदललं तर सगळी सूट परत करावी लागेल. मग मी स्वतः सही करते."

बाईंनी मान हलवली. त्या रात्री त्यांनी कपडे भरले नाहीत, कारण ते भरलेलेच होते. शुक्रवारच्या विमानाने त्या गेल्या. लेक विमानतळावर खरोखर रडली. सोमवारी जावयाने उपकरण निकामी झाल्याचा दाखला जोडला आणि राहिलेला घसारा एकरकमी वसूल केला.

कार्यालयाने मग ही सवलत सर्वांना खुली केली. परदेशातून आणल्याची अटही काढून टाकली. खोट्या अर्जांचा पूर येईल म्हणून चाळीस तपासनीस नेमले गेले. त्यांनी घरोघर जाऊन पाहिलं. एकही अर्ज खोटा निघाला नाही.

मुदत अजून संपलेली नाही. तुम्ही हे वाचत निवांत बसला आहात, त्या अर्थी आतलं काम कोणीतरी करतं आहे. अर्जात नाव लिहायचं नसतं. उपकरण घरात किती वर्षं चालू आहे, तेवढंच लिहायचं.