गोणीतला युरिया

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. समोर घडत होतं, तरी माझाही दोन दिवस बसला नव्हता.

भुईगावात हरिश्चंद्र नावाचा माझा शेजारी आहे. वय सत्तर, वाडीत केळी, पानवेल आणि चार सोनचाफे. नावाला जागून तो कधी खोटं बोलत नाही. मग शेजारधर्म म्हणून ते काम मला करावं लागतं.

त्याची नात दिशा कॉलेजच्या कबड्डी संघात निवडली गेली. हरिश्चंद्राने त्या आनंदात अर्ध्या गावाला केळी वाटली. पण एका संध्याकाळी पोरीने नवी जर्सी पिशवीतून काढली, उलटसुलट पाहिली, घडी घालून परत ठेवली आणि म्हणाली, "मी नाही खेळणार."

"का गो? पाय मुरगळला?"

"नाही."

"कुणी बोललं काय?"

"आजोबा, सोडा ना विषय."

विषय सुटला नाही, तो स्वयंपाकघरात गेला. तिथे आजीला, म्हणजे शांताला, खरं कारण कळलं. जर्सी बिनबाह्यांची होती. दिशाच्या दंडांवर बारीक बारीक कोरडे दाणे होते. दिसायला किंचित लाल, हाताला खरखरीत. नववीत कुणीतरी "सोललेली कोंबडी" म्हटलं होतं. तेव्हापासून पोरीने कोपराच्या वर हात कुणाला दाखवला नव्हता. सरावालासुद्धा लांब बाह्यांचा टीशर्ट.

"एवढंच ना?" शांताने वाळक्या घोसाळ्याची जाळी काढली. "तीन दिवसांत गुळगुळीत करते बघ."

तीन दिवस ती भांडी घासावीत तशी नातीला घासत होती. चौथ्या दिवशी दाणे होते तिथेच होते, फक्त दंड टोमॅटोसारखे झाले होते.

"आता लांबूनही दिसतात," दिशा म्हणाली, आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सामना बारा दिवसांवर आला होता. हरिश्चंद्राने नातीला वसईला डॉक्टर मर्लिनकडे नेलं. त्वचेच्या डॉक्टर. त्यांनी दंडावर भिंग धरलं आणि सांगितलं, "केराटोसिस पिलारिस. नाव केवढं मोठं, पण दुखणं छोटं. कातडीतलं केराटिन केसाच्या मुळाशी साचतं आणि त्याचं बूच बसतं. एक दाणा म्हणजे एक बूच. कुणाला लागत नाही, मळाने होत नाही, धोका काही नाही."

"जाईल?"

"मऊ पडेल, कमी होईल. पुष्कळांचं वयाबरोबर उतरतं. पण बारा दिवसांत नाही, बाळा. दोन-तीन महिने धर. आणि क्रीम सोडलंस की परत डोकावणार."

दिशाचा चेहरा पडला.

"हे घासणं आधी बंद," डॉक्टर म्हणाल्या. "कोमट पाणी, झटपट अंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. ही लाली उतरेपर्यंत साधं. मग हे दुसरं. यात दहा टक्के युरिया आहे."

युरिया म्हटल्याबरोबर हरिश्चंद्र खुर्चीत ताठ बसला.

"घरात आणखी कुणाला आहेत का असे दाणे? बहुतेक वेळा आनुवंशिक असतं."

"छे! आमच्या घराण्यात असलं काही नाही," हरिश्चंद्र म्हणाला. त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं.

घरी येताच तो खतांच्या खोपीत शिरला. युरियाच्या गोणीवर छापलं होतं, नायट्रोजन शेचाळीस टक्के. त्याने हिशेब केला. दहा टक्क्यांना तीन महिने, तर शेचाळीसला वीस दिवस. जरा घट्ट कालवलं की बारा.

"अहो, ते केळीला घालतात!" शांता ओरडली.

"आणि केळी कशी तुकतुकीत आहेत ते बघ ना!"

"पोरीच्या अंगाला हात लावाल तर खबरदार!"

"मी काय वेडा आहे? आधी माझ्या हाताला लावून बघतो."

तांब्याभर पाण्यात त्याने दोन मुठी युरिया ढवळला. तांब्या माठासारखा गार पडला. हे औषध थंड आहे अशी त्याची खात्रीच पटली. उजव्या दंडाला जाडसर थापून, बनियनवर, तो पानवेलीच्या आळ्यात टेकून बसला. दुपारची वेळ, डोळा लागला.

आता हसू नका. पानवेलीला युरियाचा सुगावा लागला. ती आधाराचं झाड सोडून वळली आणि हरिश्चंद्राच्या मनगटापासून खांद्यापर्यंत दोन वेढे घेऊन चढली. शांता चहाला बोलवायला आली तेव्हा कोपराला चौथं पान फुटत होतं.

"अहो, हलू नका!" ती म्हणाली. "पानं कोवळी आहेत!"

कोयता घेऊन मीच गेलो. वेल सुटली, पण दंड सुजून लालबुंद झाला होता आणि आग आग होत होती. या वेळी नातीने आजोबांना डॉक्टरकडे नेलं.

"काका, तो खताचा युरिया! शेतासाठीचा!" डॉक्टर मर्लिननी कपाळाला हात लावला. "क्रीममधला शुद्ध करून, मोजून घातलेला असतो. गोणीतला अंगाला लावतात का कधी?" हात धुऊन, औषध लावून झाल्यावर सूज किती आहे ते ताडून बघायला त्यांनी डावा दंड पुढे घेतला. भिंग धरलं. थांबल्या.

"काका, हे कधीपासून?"

"काय?"

"हे दाणे."

"ते होय? जन्मापासून. हात आहे तो, हाताला असतात!"

डॉक्टरांनी हसू दाबलं. दिशाने मात्र पुढे होऊन त्या दंडावरून बोट फिरवलं. लहानपणी याच दंडाला ती लोंबकळायची, आणि कबड्डीची पहिली पकड याच्यावरच शिकली होती. सत्तर वर्षं हा माणूस बनियनवर वाडीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात हिंडला होता. गुळगुळीत दंड म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं.

"आजोबा, तुम्हाला कधी कुणी काही बोललं नाही?"

"बोललं असेल. मी वाडीत असतो. तिथे ऐकू येत नाही."

परतीच्या वाटेवर ती सारखी त्याच्या दंडाकडे बघत होती. हरिश्चंद्राला वाटलं, आपण सगळं बिघडवलं.

हरिश्चंद्राची सूज उतरली आणि दोघं रोज अंघोळीनंतर पडवीत क्रीम लावायला बसू लागली. दिशा मटाराएवढं घेऊन चोळायची, हरिश्चंद्र भिंतीला चुना द्यावा तसा. बारा दिवस संपले. लाली गेली होती, दाणे होतेच. सकाळी पोरगी खोलीतून बाहेर कशी येते ते बघायला शांता पोळी तव्यावर विसरली. दिशा आली ती बिनबाह्यांची जर्सी घालूनच, आणि पोळी जळल्याचा वास येतोय म्हणाली.

तर मंडळी, गास गावच्या मैदानावर आम्ही सगळे हजर. पोरीने मांडीवर थाप मारली, पहिल्याच चढाईत घुसली, आणि एका श्वासात समोरच्या सातही जणींना बाद करून—

"खोटं!" माझ्या मागून आवाज आला. केळीचा घड उतरवायला आलेली दिशा कोयता हातात धरून उभी होती, आणि तिच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या होत्या. "साफ खोटं! पहिल्याच चढाईत मला चौघींनी पाडलं. या दोन्ही दंडांना धरून, सगळ्या मैदानासमोर!"