होल्याचा तुलनात्मक तक्ता

पक्षी विभागाच्या खिडकीत होल्याच्या जोडीने चार काड्या टाकून घरटे केले आणि त्यात दोन अंडी घातली, ही बाब विभागाला अजिबात रुचली नाही. मोजणीदार मात्र मनोमन हरखले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागदावर लाखभर पक्षी मोजले होते; टेबलाजवळ आलेली ही पहिलीच जोडी.

तेवढ्यात वरून आदेश आला. शहराचा मानाचा पक्षी ठरवायचा होता. उमेदवार दोन: एक होला, दुसरा शीळकरी, म्हणजे तीस वर्षांपूर्वी नामशेष झालेला गाणारा पक्षी. जिंकेल त्याला संरक्षण, हरेल त्याची घरटी इमारतींवरून काढायची. सबब, मोजणीदारांनी तुलनात्मक तक्ता भरून सादर करावा.

होल्यालाच जिंकवायचे, असे त्यांनी ठरवले. पण तक्त्यातले रकानेच डांबरट निघाले. विष्ठा: होला, रोज; शीळकरी, निरंक. पहाटेच्या आवाजाबद्दल तक्रारी: होला, चारशे बारा; शीळकरी, निरंक. तीस वर्षांत शीळकऱ्याच्या वर्तनात खोट काढायला जागाच नव्हती.

"साहेब, पण तो मेलाय हो!" मोजणीदार काकुळतीला आले.

"म्हणूनच शिस्तीत आहे," अधीक्षक म्हणाले. "तुमचा होला राहील का असा?"

"होला जिवंत आहे."

"तसा रकाना आहे का?"

नव्हता.

शीळकऱ्याची बाजू तपासायला मोजणीदार दप्तरखान्यात गेले, तर तिथे चाळीस वर्षांपूर्वीचा तक्ता सापडला. त्यात शीळकरी त्याच्याही आधी संपलेल्या एका पक्ष्याविरुद्ध उभा होता आणि सपशेल हरला होता. शेरा: 'जिकडेतिकडे आढळतो. पहाटे शिट्ट्या मारून झोपमोड करतो. घरटी काढावीत.'

त्यांनी तो अधीक्षकांपुढे ठेवला.

"वा! पूर्वोदाहरण आहे की. जोडून टाका."

मोजणीदारांना स्वतःची लाज वाटली. निवृत्तीला चार वर्षे उरली होती. त्यांनी सही केली आणि दुपारी अंड्यांसकट घरटे गेले.

संध्याकाळी सभागृहात शीळकऱ्याचे जुने ध्वनिमुद्रण वाजवले. माणसे हुंदके देत होती. "काय गोड गळा! लोकांनी जपायला नको होता का?" पहिल्या रांगेतले गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. मोजणीदारांनी त्यांना ओळखले. होल्याविरुद्धचा तक्रार अर्ज क्रमांक सतरा.

उरलेले चारशे अकरा अर्जही विभागाने जपून ठेवले आहेत. तुमच्या अर्जाची पोच तुम्हाला मिळालीच असेल. होल्याच्या शोकसभेचे निमंत्रण त्याच पत्त्यावर येईल.