टोमॅटोंचा पंक्तिप्रपंच

थोरलीचा आपल्या बाटलीवर भारी विश्वास! बाटलीत समुद्री शेवाळाचा अर्क होता. विहिरीचं पाणी खारट असो की ऊन आग ओकत असो, अर्क दिलेलं रोप मान टाकणार नाही, असं ती प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगून आली होती. ते खरं ठरलं तर नोकरी टिकणार होती. नाहीतर घरी बसायचं होतं.

प्रयोगाला जागा मिळाली ती माहेरीच. घरामागे टोमॅटोच्या दोन ओळी होत्या.

"उजवीला अर्क, डावीला नुसतं पाणी," तिने आईला आणि धाकट्या बहिणीला बजावलं. "डावी सुकली तरी अर्क द्यायचा नाही!"

"सुकू द्यायची?" आईने विचारलं.

"सुकायलाच हवी! त्याशिवाय उजवीचं मोल कळणार कसं?"

आई गप्प बसली. आई गप्प बसली की काहीतरी शिजत असतं, हे थोरली नोकरीच्या गडबडीत विसरली होती.

भर उन्हाळ्यात प्रयोगशाळेचे साहेब पाहणीला आले. शेजारच्यांचे टोमॅटो केव्हाच वाळले होते. थोरली साहेबांना ऐटीत मागे घेऊन गेली आणि जागीच थिजली. उजवी ओळ छान होती. पण डावी? डावी नुसती माजली होती!

"वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे तुमचा अर्क न देणंच जास्त गुणकारी!"

आईला एकदम विहिरीवरची बादली आठवली. ती निघालीच होती, तेवढ्यात थोरलीने गाठलं.

"आई! डावीला अर्क दिलास?"

"दिला!" आई उसळली. "पंक्तिप्रपंच मला नाही जमत! तुला शिकायला धाडलं आणि हिला घरी ठेवलं. ऐपत एकीचीच होती. ते अजून टोचतंय मला. पुन्हा नाही करणार!"

थोरली आईजवळ सरकली. पण डोकं प्रयोगशाळेचं, ते स्वस्थ बसेना.

"अगं, मग दोन्ही सारख्या व्हायच्या. डावी पुढे कशी गेली?"

धाकटी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"मीपण देत होते," ती पुटपुटली. "आईच्या नकळत. ती ओळ मला आपली माझीच वाटायची."

थोरली तरातरा तिच्याजवळ गेली ती रागवायलाच. पण तिने धाकटीचा मातीने भरलेला हात नुसता धरून ठेवला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चांगला बराच वेळ पुसला.

"आणखी एक हंगाम देतो," ते म्हणाले. "पण बाई, या वेळी प्रयोग एकुलत्या एका मुलीच्या घरी करा!"