लडकू फिटरचा कान

लडकू फिटर बोल्टाला कान लावून बसायचा. कल्याणच्या इंजिनांच्या शेडमध्ये मी कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी एक माणूस इंजिनाच्या पोटाशी उकिडवा बसून, डोळे मिटून, लोखंडाला कान चिकटवून बसलेला दिसला. मला वाटलं, झोपलाय. शेजारच्या खलाशाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "झोपला नाही, ऐकतोय." काय ऐकतोय हे विचारायचं मला धाडस झालं नाही. नवी नोकरी होती.

लडकू मूळचा खाडीकाठचा आगरी. बापजाद्यांनी मिठागरात पाय भाजून घेतले, आणि हा पठ्ठ्या रेल्वे आल्यावर इंजिनांत शिरला. मीठ लोखंड कसं खातं ते लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे गंजाशी त्याची जुनी ओळख होती. गंजून बसलेला बोल्ट काढावा तो लडकूनेच. बाकीचे फिटर पान्याला लांब नळी अडकवून चौघे चौघे लोंबकळत, बोल्टाचं डोकं तुटून हातात आलं की एकमेकांच्या बापाचा उद्धार करत, आणि मग लडकूला बोलवायला मला धाडत.

'अडकला' हा शब्द त्याला खपत नसे. "अडाकला नाय भाऊ, रुसलाय," तो मला समजावून सांगे. मग करवंटीत अर्धं घासलेट आणि अर्धं एरंडेल कालवून तो बोल्टाच्या मुळाशी थेंब थेंब सोडी. लहान हातोडीने टकटक करी. कान लावी. पुन्हा थेंब, पुन्हा टकटक. आणि पाना लावला की पहिल्यांदा बोल्ट उलट आवळी. मला हा शुद्ध वेडेपणा वाटे. पण त्याचं ठरलेलं होतं. "आधी जरा आवळाचा, मंग सोडाचा. एकदम सोडाला गेलास का तुटतंय. घाई कराची नाय."

कधीतरी बोल्ट 'बोलायचा'. आतून आवाज बदलतो म्हणे. मी पुष्कळदा कान लावून पाहिला, मला फक्त काजळी लागली. पण लडकूला तो आवाज आला की हमखास एक गोष्ट घडे. तो डोक्याचा फडका सोडी, हात स्वच्छ पुसी, फडका पुन्हा बांधी आणि दोन बोटांनी बोल्ट फिरवून बाहेर काढी. फोरमन साहेबाला हे सगळं थोतांड वाटायचं. पण बोल्ट निघत, म्हणून तो दुसरीकडे तोंड करून उभा राही.

एकदा आमच्या घरी पितळेच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं. मी कौतुकाने लडकूला घेऊन गेलो. तो ओटीवर डबा मांडीत घेऊन जो बसला, तो घरातली जेवणं उरकली तरी तसाच. शेवटी झाकण निघालं. आत गेल्या दिवाळीचे लाडू होते. त्याने एक उचलला, जमिनीवर हलकेच आपटला, कानाला लावला आणि गंभीरपणे परत ठेवला. "यो नाय सुटाचा." आई त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्याची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, सोनी. तिला त्याने एकट्याने वाढवली आणि ठाण्याकडे, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरी दिली. तिचा विषय काढला की तो "बरी हाय" म्हणे आणि लगेच बोल्टावर येई. बोल्टाबद्दल तो तासभर बोलू शके.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सोनी दिवाळीला माहेरी आली. परत जायच्या दिवशी तिचा दीर न्यायला आला होता. दुपारच्या गाडीने निघायचं होतं. आता मिठाचा हंगाम सुरू होणार, म्हणजे पाऊस पडेपर्यंत तिला कोणी माहेरी धाडायचं नाही. हे मला लडकूनेच सकाळी सांगितलं, बोल्टाला तेल पाजता पाजता. तो बोल्ट नेमका दुपारच्या गाडीच्या इंजिनाचा होता. सिलिंडरच्या झाकणातून वाफ गळत होती, आणि तो बोल्ट निघाल्याशिवाय झाकण उघडणार नव्हतं.

दहाच्या सुमारास मी तिकडून जात होतो. लडकूने डोक्याचा फडका सोडला, हात पुसले, फडका बांधला. मी थांबलो. आता दोन बोटं पुढे होणार. पण त्याने इकडेतिकडे पाहिलं, करवंटी उचलली आणि सुटलेल्या बोल्टाला पुन्हा तेल घालायला लागला.

माझ्या लक्षात आलं. गाडी निघाली नाही तर सोनी जाणार नाही. एका दिवसापुरती तरी.

साहेबाने मला विचारलं, "किती वेळ?" मी म्हणालो, "फार हट्टी बोल्ट आहे, साहेब." आयुष्यात साहेबाशी मी एकदाच खोटं बोललो, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण साहेब अखेर वैतागला. मालगाडीचं एक इंजिन मोकळं उभं होतं, ते दुपारच्या गाडीला जोडायचा हुकूम इंग्रजीत झाला आणि चिठ्ठी देऊन मला स्टेशनात पिटाळलं. लडकूला इंग्रजी कळत नव्हतं. साहेबाच्या देखत मला काही सांगता येईना. म्हटलं, चिठ्ठी देऊन धावत येऊन सांगू.

फलाटावर सोनी दिरामागे उभी होती. "बा नाय आला?" तिने विचारलं.

"बोल्ट निघत नाहीये," मी म्हणालो.

"बाला बोल्ट निंगत नाय?" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने शेडकडे पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "त्याला सांगा, घाई कराची नाय. पावसाला मी येन."

मी धावत सुटलो, पण शेडच्या दाराशी पोचेपर्यंत गाडीची शिट्टी झाली. लडकूने बोल्टावरचा कान काढला. समोरच्या इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडी कशी गेली भाऊ? इंजिन तर हितं हाय."

मी सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं. गाडी अडवायला बसला नसता, तर निदान तिला निरोप देऊन आला असता. त्याने दोन बोटांनी बोल्ट फिरवून काढला आणि माझ्या हातात ठेवला. बाहेर जाऊन ठाण्याच्या बाजूच्या रुळाशी गुडघे टेकले आणि कान लावला.

"येतंय आयकू," तो म्हणाला. "तुमी बगा."

मी वाकलो. रूळ उन्हाने तापला होता. मला काही ऐकू आलं नाही.

"येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो.

"मुंब्र्याच्या डोंगराशी जाईल आता."

मग मी सोनीचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत. लडकूने डोक्याचा फडका सोडला. हात नाही पुसले. डोळे पुसले, आणि पुन्हा रुळाला कान लावला.