शांत गटाचा राखणदार

माझ्याइतका शांत माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणारी माणसं हे माझं रोजचंच गिऱ्हाईक. परवा एका दंतवैद्याने गाडी थेट दुभाजकावर चढवली. मी म्हणालो, "छान! आता हळूच मागे घेऊ या." दंतवैद्याला रडू फुटलं, मला नाही.

त्यामुळे बायकोने माशांची टाकी चार दिवस घरी ठेवायचं म्हटलं, तेव्हा मी छाती पुढे काढली. "माझ्यावर सोड!"

बायको प्रयोगशाळेत माशांवरच्या ताणाचा अभ्यास करते. तिथे फरशी फोडायचं काम निघालं होतं. तिच्या माशांचे दोन गट. एकाला मुद्दाम थोडा त्रास द्यायचा, दुसऱ्याला अजिबात नाही. हा दुसरा, शांत गट, म्हणजे सगळ्या प्रयोगाचा पाया. तो बिघडला की तिची वर्षभराची मेहनत फुकट!

"पण मासा घाबरला हे कळतं कसं? तो काय ओरडतो?" मी विचारलं.

"त्याचं शरीर सांगतं," ती म्हणाली. "धोका दिसला की आतून कॉर्टिसॉल नावाचं रसायन सुटतं. रक्तात साखर वाढते, कल्ले भराभर हलायला लागतात, पळायची सगळी तयारी होते. आणि त्यातलं थोडं कॉर्टिसॉल कल्ल्यांतून पाण्यात उतरतं. मग माशाला हातही न लावता नुसतं पाणी तपासायचं."

मी तोंडाचा आ वासून ऐकत राहिलो. बोटभर लांबीचे, निळ्या पट्ट्यांचे ते जीव, आणि त्यांची धडधड ही बाई पाण्यावरून ओळखते! एवढी वर्षं घरात मी एकही गोष्ट हिच्यापासून का लपवू शकलो नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

टाकी अभ्यासाच्या खोलीत बसली. शेजारी एक यंत्र. ते ठरावीक वेळाने थोडं थोडं पाणी ओढून नळ्यांत भरायचं. माशांना खायलाही दुसरं यंत्र घालणार होतं.

"वरच्या बाजूला पोहतायत म्हणजे मजेत आहेत. घाबरले की तळाशी जातात," बायको पर्स खांद्याला लावत म्हणाली. "तू काहीच करायचं नाहीस."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

आता ज्या माणसाचा पाय जन्मभर शिकवणाऱ्याच्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर टेकलेला, त्याला असं सांगणं म्हणजे शिक्षाच! ती गेली आणि मी नुसतं एकदा बघून यावं म्हणून खोलीत डोकावलो. मासे वर होते. नीट दिसावं म्हणून जवळ गेलो, तर सगळेच्या सगळे तळाशी!

कशाने घाबरले? मी कान टवकारले. बाहेर सासूबाईंची मालिका चालू होती. त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मालिका आम्ही, शेजारचे आणि समोरची इमारत असे सगळे मिळून पाहतो.

"आई, आवाज! मासे घाबरलेत!"

"माशांना काय कळतंय मालिकेतलं?" सासूबाई म्हणाल्या. पण आवाज कमी केला.

मी परत टाकीशी. अजून तळाशी! मग मी मिक्सर बंद करायला लावला. दाराच्या घंटीची वायर काढली. पंखा बंद केला. खिडकीत एक कबूतर घुमत होतं, त्यालाही हाकललं. दर वेळी येऊन टाकीत डोकावायचो, आणि दर वेळी मासे कोपऱ्यात आणखीच दाटीवाटीने! मी खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसलो. कल्ले मोजायला मोबाइलचा टॉर्च मारला. धीर द्यायला काचेवर हळूच टकटक केलं. शिकाऊ लोकांना मी असाच डॅशबोर्डवर थाप मारून धीर देतो.

"घाबरायचं नाही," मी म्हणालो. "मी आहे ना!"

हे ऐकताच एका माशाने टाकीबाहेर उडी मारली!

तो थेट सतरंजीवर. मी "आई!" म्हणून अशी किंकाळी फोडली की सासूबाईंना पहिल्या हाकेत ऐकू आली. त्या हातातल्या चहाच्या गाळणीसकट धावत आल्या, मासा अलगद उचलला, टाकीत सोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आधी बसा."

मी बायकोला फोन लावला. "सगळे तळाशी गेलेत! एकाने उडी मारली! तो ठीक आहे. पण तू काळजी करू नकोस, मी सकाळपासून टाकीपासून हललोसुद्धा नाहीये!"

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. मला वाटलं, तिला भरून आलं.

"खोलीच्या बाहेर हो," ती म्हणाली. "आत्ता. आणि दार लाव."

किती काळजी माझी! मी दार लावून झोपलो.

दुसऱ्या दिवशी ती नळ्या तपासून आली आणि जेवणाच्या टेबलावर एक आलेख पसरला. सपाट रेघ, मग टेकडी, मग मोठी टेकडी, मग सरळ डोंगरच.

"टीव्ही!" मी बोट रोखलं.

"माझी मालिका इथे होती," सासूबाईंनी सपाट जागेवर बोट ठेवलं. "आणि रात्रीची इथे." तीही सपाट. "हा डोंगर आहे ना, तेव्हा हे आत एकटेच बोलत बसले होते."

बायकोने डोंगराच्या टोकाभोवती पेन्सिलीने गोल काढला. तो गोल मला फार लागला. दुभाजकावर न डगमगलेला मी, माझे डोळे भरून आले. "तुझं वर्ष मी बुडवलं का?"

"पहिल्यापासून करावं लागेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण हे बघ." डोंगराच्या पलीकडची रेघ अलगद उतरत जाऊन पुन्हा जवळजवळ सपाट झाली होती. "दार लावल्यावर दोन-तीन तासांत सावरले. शांत गट म्हणून ते आता बाद, पण सावरणं इतकं स्वच्छ आम्हाला आजवर मिळालं नव्हतं. त्रासाच्या गटाला आम्ही जाळीने हुसकावलं की दर वेळी वेगळाच आकडा यायचा. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई तर खूश झाल्यात. शांत गटाला नवे मासे द्यायलाही तयार आहेत."

मी पाहतच राहिलो. एवढासा जीव! जिवाच्या आकांताने घाबरतो, आणि संकट टळलं की सगळं आवरून पुन्हा पोहायला लागतो! मला हे कधी जमणार?

तर आता मी दर आठवड्याला प्रयोगशाळेत जातो. मानाने बोलावलंय! टाकीसमोर उभं राहायचं, डोकावायचं, धीर द्यायचा. मासे लगेच तळाशी. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी बायकोला विचारलं, "यांना किती वेळ उभं करायचं?"

"पाच मिनिटं पुरे," बायको म्हणाली. "त्याहून जास्त मलाही सोसत नाही."